जिवावर उठलेली दया

मी कातीण बोलतेय. खाटेवर चढू नका, आणि हातातली चप्पल आधी पायात घाला. मी तुमच्या अंगावर येणार नाही. मला नुसतं बोलायचंय, कारण मी पार बेजार झालेय.

मारणाऱ्यांपायी नव्हे. मारणाऱ्याचं सरळ असतं. तो आला की पळायचं, सापडलो तर मरायचं. मी बेजार झालेय ती दयाळू माणसांपायी.

आधी माझ्या माथी मारलेल्या दोन गोष्टी खोडून काढते. कोपऱ्यात लोंबणारी जळमटं माझी नाहीत. ती त्या लांब तंगड्यांच्या बारीक कोळ्यांची. मी जाळं विणून भक्ष्याची वाट बघत बसत नाही. मी चपटी, मातकट रंगाची, भिंतीला चिकटून बसणारी, आणि झुरळ दिसलं की धावून धरणारी. तरी जळमटं झाली की कुंचा माझ्यावरच येतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. दुसरं म्हणजे, कुणाच्या मानेवर पाण्याचे फोड आले की घरातलं शहाणं माणूस लगेच सांगतं, कातीण फिरली. अहो, तुमच्या मानेवर फिरून मला काय मिळणार? तिथं झुरळं आहेत का?

माझा जन्म ताडकळसचा. धम्मानंद गुरुजींच्या घरात, बाहेरच्या खोलीत, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे. गुरुजी शेजारच्या गावच्या शाळेत शिकवतात. घरात त्यांची बायको नीलम आणि वडील लिंबाजी. कॅलेंडरमागे अंधार असतो, ऊब असते, आणि महिना उलटताना तेवढं छप्पर हलतं. माणसं कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांच्या खुणा करतात, गॅस कधी लागला ते लिहितात, पण त्याच्या मागे काय आहे ते वर्षभर बघत नाहीत. त्यामुळे माझं बालपण सुखात गेलं.

हे घर बौद्धांचं. सकाळी वंदना होते, पंचशील म्हटलं जातं. कोणत्याही जिवाची हत्या करणार नाही, हे त्यातलं पहिलं शील. भिंतीवर बसून मी रोज ऐकते. ऐकायला फार बरं वाटतं. आणि खरं सांगते, या घरात आमच्यावर कधी चप्पल पडली नाही. गुरुजी बोललेलं पाळणारा माणूस आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती त्यांच्या बरणीची. लोणचं संपलेली एक प्लास्टिकची बरणी त्यांनी आमच्यासाठी राखून ठेवलीय. नीलम मला पाहून किंचाळली की गुरुजी बरणी घेऊन येणार, आमच्यावर पालथी घालणार आणि खालून झाकण सरकवणार. आत मोहरीचा आणि तिखटाचा असा वास की आठही पाय झिणझिणतात. मग ऐन दुपारी आम्हाला अंगणातल्या फरशीवर ओतायचं. परभणीकडची उन्हाळ्यातली फरशी म्हणजे काय असते, ते तिच्यावर अनवाणी उभं राहून बघा. बरं, फरशी ओलांडली की शेजारच्या कोंबड्या टपलेल्या. आगीतून फुफाट्यात म्हणतात ना, ते आमच्यासाठीच केलंय. माझ्या बहिणी अशाच गेल्या. मी खिडकीच्या फटीतून बघत होते. गुरुजी बरणी धुऊन ठेवताना समाधानानं म्हणाले, "मारलं न्हाई, सोडलं." सोडलं म्हणे!

पण याहून मोठं दुःख मला लिंबाजीनं दिलं.

आम्ही अंडी घालतो ती भिंतीवरच. त्यांच्यावर पांढरी, गोल, कागदासारखी चकती विणतो आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत तिच्यावर पाय पसरून बसून राहतो. खाणं नाही, फिरणं नाही. मागच्या पावसाळ्यात मी पहिल्यांदा तशी चकती विणली, आरशाच्या वरच्या बाजूला. जागा चुकली. रोज सकाळी लिंबाजी त्या आरशापुढे दाढी करतो. म्हाताऱ्याचा हात थरथरतो. एका सकाळी हनुवटी कापली, रक्त थांबेना. त्यानं वर पाहिलं आणि हात लांब केला. मी घाबरून ट्यूबलाइटच्या मागे पळाले. त्यानं माझी चकती नखानं अलगद सोलली आणि जखमेवर चिकटवली.

या भागात जुन्या माणसांचा तो घरगुती इलाजच आहे. कातिणीचं घर लावलं की रक्त थांबतं. थांबलंही. लिंबाजी आरशात बघून खूश झाला आणि सुनेला म्हणाला, "लय गुणकारी असतंय हे. डाक्टरकडं जायचं कामच न्हाई." आणि हे सगळं वंदना झाल्यावर, तोंडातलं शील अजून ताजं असताना. त्याच्या हनुवटीवर माझी लेकरं वाळत होती आणि तो चहा पीत होता. त्याला माहीत नव्हतं, हे मला कळतं. पण कळून काय करू? मी कित्येक दिवस त्या ट्यूबलाइटच्या मागून हलले नाही. इतका राग मला कधीच आला नव्हता, आणि रागाचं करायचं काय हेही मला ठाऊक नव्हतं.

यंदा मी शहाणी झाले. चकती विणली ती कॅलेंडरच्या मागे. पण माझं नशीब बघा, भीमजयंती तोंडावर आली आणि घराला रंग द्यायचं ठरलं. रंगाच्या दिवशी सकाळीच नीलमनं कॅलेंडर काढलं, मला पाहिलं आणि नेहमीसारखी किंचाळली. गुरुजी बरणी घेऊन हजर. मी चकती सोडून पळाले नाही. या वेळी पळणार नव्हते. त्यामुळे आयतीच सापडले. झाकण सरकवताना माझा एक पाय मधे आला आणि तुटून खाली पडला. नीलम त्या पायाकडे बघत राहिली. गुरुजींनाही वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी ठरवलं की हिला अंगणात नको, शाळेत नेऊन लिंबाच्या झाडावर सोडू, तिथं सावली आहे.

दयेचा हा नवा प्रकार. बरणी पिशवीत, पिशवी मोटरसायकलला, आणि मी लोणच्याच्या वासात हद्दपार. लेकरं इकडे, आई तिकडे. शाळेत पोचल्यावर त्यांनी मला झाडाच्या खोडावर ठेवलं, मास्तर पोराला बाकावर बसवतो तसं. त्या झाडावर मुंगळ्यांची रांग लागली होती आणि वर कावळे होते. मी कशीबशी खाली उतरले. सुदैवानं गुरुजींनी गाडी त्याच सावलीत लावली होती. मी चाकावरून चढून सीटच्या खाली जाऊन बसले. उन्हाळ्याची सकाळची शाळा, दुपारी सुटली. गुरुजींनी गाडीला किक मारली आणि ज्या गाडीवरून मला घालवून दिलं तिच्यावरूनच घरी आणलं. दारात गाडी लावता लावता ते नीलमला सांगत होते की हिला चांगल्या जागी सोडलंय. मी तोवर त्यांच्या मागूनच भिंत चढत होते.

आत रंगारी भुजंग शेवटची भिंत पत्र्यानं खरवडत होता. तीच भिंत. चकती उघडी पडली होती आणि पत्रा तिच्या जवळ आला होता. खाटेवरून लिंबाजी म्हणाला, "ते पांढरं तेवढं नीट काढून ठेव रं. दाढीच्या टायमाला कामी येतंय."

भुजंगचं बोट पुढे आलं. मी धावले आणि चकतीवर जाऊन बसले. सगळे पाय पसरले, होते तेवढे. भुजंगनं फुंकर मारली, मी हलले नाही. त्यानं पत्रा भिंतीवर आपटला, तरी हलले नाही. पुन्हा ट्यूबलाइटच्या मागे जाऊन बघत बसायची ताकद माझ्यात नव्हती.

तेवढ्यात नीलम ताकाचा तांब्या घेऊन आली. मला वाटलं, आता ही किंचाळणार, आणि पुन्हा बरणी येणार. पण ती जागेवरच थांबली. तिनं माझे पाय मोजले असावेत. तांब्या खाली ठेवला आणि मोबाईलचा उजेड लावून भिंतीजवळ आली. इतक्या जवळ ती कधीच आली नव्हती.

"थांबा भाऊ," ती भुजंगला म्हणाली. "ही सकाळचीच हाय. पाय तुटलेली. शाळंपासून माघारी आलीय." मग तिनं उजेड तिरका धरला. चकतीच्या पातळ कडेतून आतले काळे ठिपके हलताना दिसले. ती सासऱ्याकडे वळली. "मामा, हे औषध न्हाई. पिल्लं हायेत ह्यात."

गुरुजींच्या हातात बरणी होती, ती त्यांनी मागे धरली. लिंबाजीचा हात हनुवटीकडे गेला आणि तिथंच राहिला. तो म्हणाला, "मंग त्या येळंला मी लावलं ते..."

"तुमाला ठावं न्हवतं, मामा," नीलम म्हणाली.

भुजंगनं कुरकूर केली की जयंतीला पाहुणे येतील, भिंतीला ठिगळ दिसेल, नाव आपलं खराब होईल. पण नीलमनं ऐकलं नाही. तेवढी जागा सोडून त्यानं भिंत रंगवली आणि नीलमनं आपल्या हातानं कॅलेंडर परत टांगलं. काही दिवसांनी माझी पिल्लं बाहेर पडली आणि मिळेल त्या वाटेनं घरभर पांगली. आमच्यात पिल्लं आईला विचारून जात नाहीत.

आता तरी मी सुखात असेन असं तुम्हाला वाटेल. कसलं काय! गुरुजींनी बरणी ठेवून दिली खरी, पण आता घरात येईल त्याला कॅलेंडर उचलून, मोबाईलचा झोत माझ्या तोंडावर मारून ते माझी गोष्ट सांगतात. शाळेतली पोरंसुद्धा एकदा घेऊन आले. भीक नको पण कुत्रं आवर, दुसरं काय म्हणू? दयाळू माणसांनो, तुमच्या मनात पाप नाही हे मला मान्य आहे. पण मला उचलण्याआधी मी कशावर बसलेय ते एकदा बघत जा. बाहेर न्यायचंच असेल तर ऊन उतरल्यावर न्या, कोंबड्या नसतील तिथं न्या. आणि दाढी करताना कापलं तर बाजारात तुरटी मिळते.

आता मी थकलेय. झुरळ समोरून गेलं तरी उठवत नाही. फार दिवस उरलेत असं वाटत नाही. पण जाण्याआधी जयंतीच्या दिवशीचं तेवढं सांगते. घर पाहुण्यांनी भरलं होतं. पंख्याच्या वाऱ्यानं कॅलेंडर उडालं आणि पाथरीच्या एका पाहुण्याला मागची कोरी जागा दिसली. त्यानं हसून विचारलं की रंग कमी पडला की काय. गुरुजी तोंड उघडणार होते, पण लिंबाजीनं त्यांना हातानं थांबवलं.

"रंग न्हाई कमी पडला," तो म्हणाला. "माझ्या हातून दोनदा हत्या व्हणार व्हती. एक टळली. एक झाली."

पाहुण्याला काही कळलं नाही. मला कळलं. माझी पहिली लेकरं त्याच्या बोलण्यानं परत येणार नाहीत, आणि म्हाताऱ्याला मी माफ केलं का, तेही मला सांगता येत नाही. पण ती लेकरं होती, जिवंत होती, हे आजवर फक्त मला माहीत होतं. त्या दिवशी ते त्यानं चारचौघांत सांगितलं.