मामाच्या अंगातलं लोखंड

लिंदिले मामाच्या घरामागे, पत्र्याच्या आडोशाखाली, त्या शनिवारी पुढील ऐवज होता: वरचा पत्रा छिन्नीने कापलेला दोनशे लिटरचा लोखंडी ड्रम एक, तीन पायांची बिडाची भांडी दोन, त्यांतल्या एकाचा एक पाय मोडलेला आणि त्या जागी वीट, रंगाच्या रिकाम्या बादल्या चार, गवताची विणलेली गाळणी एक, ढवळायचा लाकडी दांडा एक, कोंबड्या सहा, पैकी एक बादलीत. आणि मामा, एक. मामाच्या रक्तात फेरिटिन तीन हजार दोनशे. असावं तीनशेच्या आत.

फेरिटिन म्हणजे अंगात साठवलेल्या लोखंडाचा अंदाज. तेवढं लोखंड यकृतात साचलं की यकृत हळूहळू दगड होतं. हे मामाला इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आणि आता त्याची भाची वुयोकाझी पुन्हा सांगत होती. वुयोकाझी रसायनशास्त्राची पदवीधर. दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन शहरात, पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत उमेदवारी करायची आणि महिन्यातून दोनदा त्सोमोजवळच्या या गावी यायची. आई गेल्यावर तिला मामा-मामींनीच वाढवलं होतं.

"म्हणजे मी गंजलोय," मामा म्हणाला.

"जवळजवळ."

शेजारचे जोला लगेच उठून घरी गेले आणि जुन्या रेडिओच्या कर्ण्यातलं चुंबक घेऊन आले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण अशा कामाला पाय हलके. त्यांनी चुंबक मामाच्या पोटावर ठेवलं आणि हात सोडला. चुंबक मांडीवर पडलं.

"चिकटत नाही! डॉक्टरीण खोटं बोलते."

"ताता, ते लोखंड तव्यासारखं नसतं," वुयोकाझी म्हणाली. "रक्तात, यकृतात विरघळलेलं, बांधलेलं असतं."

"मग शर्ट काढू दे त्याला. कापडाने अडत असेल."

"हात मागे घे जोला," मामा म्हणाला, "नाहीतर ते तुझ्या डोक्याला लावतो. आत काही आहे का ते एकदा कळून जाईल."

डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या: पिणं बंद आणि बिअर घालायचा लोखंडी ड्रम बंद. शिवाय आठवड्याला एक पिशवी रक्त काढून टाकायचं. रक्त काढायला मामा नेमाने जात होता, कारण तिथे बिस्किटं मिळत. उरलेल्या दोन्ही गोष्टींना त्याने मान डोलवली होती आणि एकही बंद केली नव्हती. त्याचंही खरं होतं. तो घरातला कर्ता पुरुष. पूर्वजांसाठी बिअर घातली की पहिला घोट त्यानेच घ्यायचा. त्याने तोंड फिरवलं तर पूर्वज काय, गावसुद्धा उठून जाईल. आणि पुढच्या महिन्याच्या अखेरीला घरात तेच कार्य होतं.

मागच्या खेपेला वुयोकाझीने ड्रमातली बिअर बाटलीत भरून नेली होती. आम्लात जाळून, गाळून, लोखंड मोजलं. लिटरला एकसष्ट मिलिग्रॅम. मामा कार्याच्या दिवशी चार-पाच लिटर सहज रिचवायचा, आणि कार्य नसलं तरी जोलांकडे असायचंच.

"पिणं सुटत नसेल तर निदान भांडं बदलू," ती म्हणाली. "स्टेनलेस स्टीलचा टोप आणू. त्यातनं लोखंड सुटत नाही."

"कोण बदलणार?" आतून आवाज आला. हा नोझुको मामीचा. बिअर घालणं हे तिचं राज्य; मामा त्यात फक्त प्रजा. "ज्याला टोप हवा त्याने तो माझ्यासमोर निवडायचा. माझ्या मागे आणलेल्या भांड्यात मी कोंबडीसुद्धा धूत नाही. ऐकलं का, रादेबे?"

रादेबे हे मामाचं कुळाचं नाव. मामी रागावली की त्याच नावाने हाक मारायची. म्हणजे मान राखून शिवी देता यायची.

पुढच्या शनिवारी मामी ईस्ट लंडनला आली, डोक्याला कडक इस्त्रीचा रुमाल बांधून. वुयोकाझीने एक पत्ता काढून ठेवला होता. डेरेक नावाचा एक गोरा इंजिनिअर घरच्या घरी बिअर करायचा, आणि आता मुलीकडे राहायला जाणार म्हणून सामान विकत होता. त्याच्या गॅरेजात टोप उंचीप्रमाणे ओळीने मांडले होते, लग्नातल्या फोटोसारखे.

त्याने सगळ्यांत देखणा टोप पुढे ओढला. खाली नळ, मध्ये तापमानाचा काटा, बाजूला पातळी दाखवणारी काचेची नळी, आत जाळीचा दुसरा तळ.

"नळ कशाला?" मामीने विचारलं.

"बिअर खालून काढून घ्यायला, मॅम. गाळ वर राहतो. तुमची बिअर साधारण किती पारदर्शक असते?"

"तिच्यात दांडा उभा राहतो."

डेरेकने वुयोकाझीकडे पाहिलं. तिने मान हलवली. मक्याचं पीठ, मोड आणून वाळवून भरडलेला मका, तशीच ज्वारी. हे सगळं शिजून लापशी होते. ती या नळातून काढायची तर नळाला बद्धकोष्ठ होईल.

मामीने कोपऱ्यातला झाडू उचलला, उलटा धरला आणि टोपात तीनदा गरकन फिरवला. तिसऱ्या फेरीला झाडूचा दांडा आतल्या काट्याच्या सळीवर खणकन आपटला. डेरेकने डोळे मिटले.

"हा काटा माझ्या नवऱ्याच्या आधी जाईल," मामी म्हणाली. "पुढचा."

पुढच्याला रबरी मुठी होत्या. लाकडाच्या आचेवर त्या वितळल्या असत्या. त्यानंतरच्याचा तळ तीन थरांचा, मध्ये ॲल्युमिनियम. गॅसवर तो छान, पण उघड्या चुलीवर एका बाजूने लाल झाला की थर सुटण्याची भीती. वुयोकाझीने प्रत्येकाला जोलांचं चुंबक लावून पाहिलं, पट्टीने जाडी मोजली, सांधे बोटाने चाचपले. तोवर मामी एका मोठ्या टोपात डोकं घालून स्वतःलाच हाका मारत होती.

"हा," ती आतून म्हणाली. आवाज घुमला.

तो शंभर लिटरचा, नळ नाही, काटा नाही, जाड एकसंध तळ, रिव्हेट मारलेल्या धातूच्या मुठी. तळाजवळ ३०४ असा शिक्का, म्हणजे चुंबकाला न धरणारं चांगलं स्टेनलेस. चुंबक घसरून पडलं.

"तो?" डेरेक जरा दुखावला. "त्यात मी फक्त पाणी तापवायचो."

"बघ," मामी वुयोकाझीला म्हणाली, "इतक्यांत एकच कामाचा, आणि त्याला पाण्याला जुंपलं होतं."

परतताना माणसं भरून नेणाऱ्या टॅक्सीत टोपाचं वेगळं तिकीट पडलं. बटरवर्थच्या पुढे एका बाईने तिचं झोपलेलं मूल त्यात ठेवलं आणि सगळा रस्ता निवांत गप्पा मारल्या.

त्याच आठवड्यात मामीने नव्या टोपात बिअर घातली. सगळ्यांनी प्यायली, कोणी मेलं नाही. वुयोकाझी अर्धा लिटर घेऊन प्रयोगशाळेत गेली. इतकी खूश होती की मोजण्याआधीच मामाला फोन करून बसली, "आता घाबरू नका." मग मोजलं. लिटरला सत्तावन्न.

तिने पुन्हा मोजलं. सत्तावन्न.

"टोप खोटा," जोलांनी निकाल दिला. "गोऱ्याने बनवलं तुम्हाला. वरून स्टील, आतून ड्रम."

टोपात पाणी आणि व्हिनेगर घालून तिने दोन तास उकळलं. त्यात लोखंड मोजण्याइतकंही निघालं नाही. टोप निर्दोष होता. मग लोखंड येत कुठून होतं? मामीचा दांडा लाकडाचा, गाळणी गवताची, बादल्या प्लॅस्टिकच्या. विहिरीचं पाणी तिने पहिल्याच खेपेला तपासलं होतं.

पुढची बिअर घालताना ती मामीच्या मागे मागे बाटल्या घेऊन फिरली. पाणी. पीठ भिजवून रात्रभर आंबवल्यावर. शिजवल्यावर. पुन्हा आंबवून तयार झाल्यावर. चारही बाटल्या घेऊन ती गेली, आणि सोमवारी नळ्यांमध्ये रंग चढताना पाहत उभी राहिली. जितकं लोखंड जास्त, तितका रंग नारिंगीकडून विटेकडे. पहिली नळी कोरी. दुसरी नारिंगी. तिसरी तेवढीच नारिंगी. चौथी वीट.

दुसऱ्या नळीपाशीच तिने कपाळावर हात मारला. उकळण्याचा काही संबंधच नव्हता. पीठ आंबत होतं, आंबल्यावर आम्ल होतं, आणि आम्ल रात्रभर लोखंडाशी सलगी करत होतं. मामी शिजवायची नव्या टोपात, पण आंबवायची जुन्याच ड्रमात, आधी एकदा आणि शिजवल्यावर पुन्हा एकदा. हे वुयोकाझीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पहिल्या खेपेला तर टोपातली लापशी ड्रमात ओतायला तिने स्वतः एक मूठ धरली होती. दहावीच्या पोरालाही सुचलं असतं. तिने पदवी घेऊन टोपाच्या तळाची जाडी मोजली होती.

त्या नळ्या तिने गावी आणल्या. रंग टिकणारा होता. मामीसमोर बाकड्यावर ओळीने ठेवल्या.

"ही विहीर. हा ड्रम, पहिली रात्र. हा नवा टोप, उकळी. हा पुन्हा ड्रम, दुसरी रात्र."

मामीने वाकून एकेक नळी पाहिली. "टोपाने काहीच वाढवलं नाही."

"काहीच नाही."

"म्हणजे सगळे झोपलेले असताना हा माझ्या नवऱ्याला चारतो?"

"हो."

"आणि मी इतकी वर्षं जोलाच्या सुनेवर करणीचा संशय घेत होते."

पण ड्रम सोडायला ती तयार होईना. तो सासूच्या हातचा. त्याला कधी साबण लागला नव्हता. आतल्या भिंतीवर बोटभर जाडीची जी खपली होती, तेच विरजण. "तुझा टोप आरशासारखा आहे. त्याला काय धरून बसणार? कार्याच्या दिवशी साठ माणसांपुढे मी गोडी लापशी ठेवू?"

"विरजण ड्रममधूनच घेऊ. एक जग. शंभर लिटरमध्ये एक जग गेला तर त्याचं लोखंड किती येणार? मामांच्या रक्तापुढे काहीच नाही."

"आणि आंबलं नाही तर?"

"तर साठ माणसांना मी सांगेन, माझी चूक."

"तू सांगशील. ऐकतील ते माझं नाव."

मामी उठली, आत गेली, भांड्यांशी आवाज करत राहिली. थोड्या वेळाने बाहेर येऊन तिने जग वुयोकाझीच्या पुढ्यात आदळला. "त्याचं यकृत दगड झालं तर मला रोज कोणाला शिव्या द्यायच्या? एक दिवस आधी घालू. बिघडलं तर निस्तरायला वेळ हवा."

बिघडलंच. सकाळी झाकण उघडलं तर पीठ तळाशी, पाणी वर, मध्ये शांतता. वुयोकाझीने थर्मामीटर घातला. सोळा अंश. जुना ड्रम चुलीच्या कुशीत अर्धा मातीत पुरलेला असायचा. हा उघड्यावर, पातळ भिंतींचा, ऑगस्टातल्या थंडीत रात्रभर कुडकुडलेला.

"मी म्हटलं होतं," मामी म्हणाली. वाक्य पुरं करण्याऐवजी ती घरात गेली आणि मामाचं जाड घोंगडं घेऊन आली. ते टोपाभोवती गुंडाळलं. पुरेना. मग मामाचा प्रेतयात्रेला घालायचा काळा कोट आणला, टोपाला चढवला, बटणं लावली. दोन बादल्या गरम पाणी आत गेलं.

मामा शर्टावर उभा होता. "मला काय?"

"तू ऊन घे, रादेबे."

दिवसभर टोप कोटात बसून राहिला. जोला दोनदा येऊन त्याला नमस्कार करून गेले. वुयोकाझी तासातासाने वाकून वास घ्यायची आणि झाकण लावायची. मामी तिच्याकडे बघायची नाही. दुपार कलली तेव्हा पहिला बुडबुडा आला, मग दुसरा, मग फेसाचा पांढरा पट्टा. मामीने बोट बुडवून चाटलं.

"आंबट," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला दिसला. "कोटाचा वास नाही आला म्हणजे झालं."

दुसरं आंबवणंही टोपातच झालं.

कार्याच्या दिवशी पुरुष गोठ्याच्या कुंपणाशी बसले, बायका घराच्या सावलीला. बादली मधे आली. मामाने पूर्वजांच्या नावाने थोडी जमिनीवर ओतली, पिण्याचा डबा तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली घेतला नाही. बायकांच्या बाजूला मामीने वुयोकाझीचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटं बधिर झाली.

मामाने डबा खाली घेऊन ओठ पुसले आणि पुढे दिला. जोलांनी एक घोट घेतला, जीभ फिरवली.

"दात नाहीत हिला," ते म्हणाले. "ड्रमाची चावायची."

सगळे मामाकडे बघायला लागले.

"दात तुलाही नाहीत," मामा म्हणाला. "तरी सगळीकडे तोंड घालतोसच. पी आणि पुढे दे." मग आवाज चढवून, बायकांनाही ऐकू जाईल असा: "या घरात आता याच भांड्यातली बिअर. ज्याला गंज चाटायचा असेल त्याने मला सांगावं, घरी नेऊन ड्रम चाटावा."

हसू फुटलं. डबा फिरत गेला. जोला दुसऱ्या फेरीला सगळ्यांत आधी हात पुढे करून बसले होते. मामीने वुयोकाझीचं मनगट सोडलं आणि दुसरी बादली भरायला उठली.

वुयोकाझीने तिच्या हातातल्या बादलीतूनच अर्धा लिटर बाटलीत काढून घेतलं. सोमवारी प्रयोगशाळेत ते जाळलं, गाळलं, रंग चढू दिला आणि मोजलं. लिटरला दोन पूर्णांक आठ मिलिग्रॅम.