शेळी आता भिंतीवर चढते

ट्रॅक १. शांतता, चौदा सेकंद

साहेबांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"हसायचं कुठे?"

प्रश्न रास्त होता. 'टेकडीवरची मंडळी' ही आमची कार्टून मालिका. तिच्या नऊ वर्षांतल्या निवडक विनोदांचा अल्बम काढायचा होता. विनोद मीच निवडले, मीच जोडले. एवढंच लक्षात आलं नाही की आमची शेळी बोलून हसवत नाही, पडून हसवते. पडलेली दिसायला पडदा लागतो. अल्बममध्ये ऐकू येत होतं ते असं : खडखड, धप्प, शेळीचं "बरं", आणि मग काहीच नाही.

नऊ वर्षं या मालिकेचा आवाज कापणाऱ्या बाईला हे कळू नये!

ट्रॅक २. अट

"शुक्रवारी अकराला वितरण कंपनीची माणसं ऐकायला येतायत," साहेब म्हणाले. "ती हसली नाहीत तर अल्बम रद्द. आणि पुढच्या सीझनला शेळीचा आवाजही बदलू. एक तरुण मुलगी बघून ठेवलीय. झकास बें बें करते."

शेळीचा आवाज म्हणजे माझी सख्खी मावशी. वय वर्षं बासष्ट.

ट्रॅक ३. फोन

"मला काढतायत?"

"अजून नाही."

"म्हणजे काढतायत. ए कात्री, खरं सांग. मी ऐकायला म्हातारी वाटते का?"

कात्री म्हणजे मी.

"शेळी म्हातारीच आहे की गं."

"शेळीचं कोण विचारतंय?"

मग तिने फोन ठेवला. मावशी आपणहून फोन ठेवते म्हणजे प्रकरण गंभीर.

ट्रॅक ४.

गाळला. त्यात मी दोन दिवस प्रत्येक धप्पनंतर तयार हशा जोडून पाहत होते. दोनशे अनोळखी माणसं एका म्हाताऱ्या शेळीला हसतायत, असं ऐकू येई. शेवटी तो सगळा हशा मीच पुसला.

ट्रॅक ५. टाकाऊ

मावशीची एक खोड आहे. चष्मा लावला की कागद दिसतो, पडदा दिसत नाही. काढला की पडदा दिसतो, कागद नाही. म्हणून पडद्यावर काय चाललंय ते कळायला ती संहितेतल्या कंसातल्या सूचनाही मोठ्याने वाचते. शेळीच्याच आवाजात, स्वतःच्या वैतागासकट. दिग्दर्शकाने पहिल्याच वर्षी हात टेकले. तेव्हापासून ते सगळं मी कापते. कापलेला आवाज 'टाकाऊ' नावाच्या फोल्डरात जातो आणि मालिका चालू आहे तोवर तो पुसायचा नाही, असा आमच्याकडे नियम.

गुरुवारी दुपारी, दुसरं काहीच सुचेना म्हणून, मी तो उघडला.

"शेळी आता भिंतीवर चढते. का? दार उघडं आहे ना? बरं, चढते. गाढव खालून बघतं. बघ बाबा, तुला दुसरं काम काय. शेळीचा पाय सटकतो. सटकणारच! लिहिणाऱ्याने जन्मात भिंत पाहिलीय का? शेळी पडते."

त्याला मी अल्बममधला तुकडा जोडला. खडखड. धप्प. "बरं."

मी टेबलावर डोकं टेकून हसले. शेजारच्या खोलीतला मिक्सिंगवाला काय झालं म्हणून डोकावला. त्यालाही ऐकवलं. तो जमिनीवरच बसला.

नऊ वर्षं, अत्यंत चोखपणे, मी तिचा निम्मा विनोद कापत आले होते.

ट्रॅक ६. शुक्रवार, अकरा वाजून पाच

कंपनीची तीन माणसं, साहेब, मी. पाच खुर्च्या. मावशीला कोणी बोलावलं नव्हतं, म्हणून ती इस्त्रीचे कपडे घालून आली आणि भिंतीशी उभी राहिली.

रात्रभर बसून सगळा अल्बम नव्याने जोडला होता. मी बटण दाबलं.

"अगं बाई," मावशी कुजबुजली, "ही तर माझी बडबड! हे लावलंस? आता तर नक्कीच काढतील."

गाढवापर्यंत सगळे गप्प. 'सटकणारच'ला कंपनीच्या बाईंच्या नाकातून आवाज आला. धप्पला त्यांनी टेबल धरलं.

"थांबवा, थांबवा," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "अहो, थांबवू नका!"

त्यांच्याबरोबरचा जाडा गृहस्थ हसताना कण्हत होता. साहेब इकडेतिकडे बघून, खात्री करून घेऊन हसले. चाळीस मिनिटं झाली. शेवटी बाईंनी विचारलं, "हे लिहिलं कोणी?"

"आमची लेखकांची टीम—" साहेब सुरू झाले.

"मी," मावशी म्हणाली. "वैतागून."

बाई वळल्या. "शेळी तुम्ही? मग अल्बम पक्का. आणि पुढच्या सीझनलाही सूचना अशाच ऐकू आल्या पाहिजेत, कापायच्या नाहीत."

"अर्थातच," साहेब म्हणाले. "मावशी तर आमच्या घरच्याच!"

"हो का?" मावशी म्हणाली. "आणि ती बें बें करणारी मुलगी?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

"तिलाही घ्या. करडू म्हणून. मी शिकवेन तिला पडायला." मावशीने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि शेळीचा आवाज काढला. "शेळी तासभर उभी आहे. कोणी खुर्ची देत नाही."

पाचही खुर्च्या एकदम रिकाम्या झाल्या.