पोहणारी जाऊ

थोरलीने दिवसाच्या कार्यक्रमाचा कागद चष्म्याजवळ धरून दोनदा वाचला, उलटून पाहिला आणि पलंगावर टाकून दिला. जहाज आज कुठल्याही बंदराला लागणार नव्हतं. म्हणजे चढउतार नाही, गर्दीत माणसं मोजणं नाही, "पाण्याची बाटली घेतली का" असं कुणाला विचारणंही नाही. बत्तीस वर्षं भरल्या घराचा गाडा ओढलेल्या बाईला असा मोकळा दिवस कुठे ठेवावा ते कळेना.

दोघे भाऊ आणि दोघी जावा अशा चौघांना त्यांच्या मुलांनी मिळून या सहलीला धाडलं होतं. दोघेही भाऊ घोरण्यात एकमेकांना हार जाणारे नव्हते, म्हणून त्यांना एक केबिन आणि जावांना दुसरी, ही वाटणी थोरलीनेच पहिल्या दिवशी करून टाकली. भाऊ आज न्याहारी झाल्याबरोबर पत्ते घेऊन पसार झाले होते.

"जाऊबाई, मी पोहून येते," धाकटी न्हाणीघराच्या दारातून म्हणाली.

तिने गुडघ्यापर्यंतचा निळा पोहण्याचा पोशाख घातला होता आणि केस रबरी टोपीत कोंबले होते. हिला पाण्यात पाय बुडवून बसायचं असेल, असं थोरलीला वाटलं. तरी कठडा सोडू नकोस, पायरीवरच बस, असं बजावून झालं, आणि शेवटी राहवेना म्हणून तीही मागोमाग निघाली.

तलाव सर्वांत वरच्या डेकवर होता. जहाज झुलेल तसं त्यातलं पाणी एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे सावकाश कलत होतं. धाकटीने टॉवेल खुर्चीवर टाकला, पायऱ्यांकडे ढुंकूनही न पाहता ती सरळ खोल बाजूला गेली, हात जोडून पुढे केले आणि सुरीसारखी पाण्यात शिरली.

खुर्चीत टेकलेली थोरली ताडकन उठली. तिच्या तोंडून हाक निघायच्या आत धाकटी पार पलीकडच्या काठाला वर आली, वळली आणि परत निघाली. एक फेरी, दोन, पाच. हातांची लय चुकत नव्हती. शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी पुस्तक मिटलं आणि या तुमच्या कोण, म्हणून विचारलं.

"जाऊ आहे माझी," थोरली म्हणाली, आणि आपली मान एवढी ताठ कशाने झाली याचं तिला नवल वाटलं.

धाकटी बारा फेऱ्या मारून काठाशी आली. तिचा चेहरा लहान मुलीसारखा फुलला होता. थोरलीने विचारल्यावर तिने सांगितलं, की तिचे वडील गावातल्या पोहण्याच्या तलावाचे राखणदार होते, चालायच्या आधी ती पाण्यात हातपाय मारायला लागली होती, आणि स्पर्धेत जिंकलेले दोन कप अजून माहेरी भावाच्या कपाटावर आहेत. एवढं बोलून ती पुन्हा पाण्यात शिरली.

थोरली मात्र पुन्हा खुर्चीत बसली. तिला एक सकाळ आठवली. धाकटीच्या लग्नाला आठवडाही झाला नव्हता. नवी नवरी भाजी निवडता निवडता हळूच म्हणाली होती, इथे जवळपास पोहायचा तलाव आहे का? आणि आपण म्हणालो होतो, घरात नळाला चोवीस तास पाणी असताना तलाव कशाला हवा? सगळं स्वयंपाकघर हसलं होतं. सगळ्यांत मोठ्याने आपणच.

ती उठली आणि खालच्या मजल्यावरच्या दुकानात गेली. तिच्या मापाचा, पूर्ण बाह्यांचा आणि घोट्यापर्यंतचा एकच पोशाख होता, जांभळा.

"वांगं दिसतेय मी," तलावाच्या पायरीवर उभी राहून ती म्हणाली.

"टवटवीत दिसताय," धाकटी म्हणाली.

"हसू नकोस. मला शिकव."

धाकटीने तिला उथळ बाजूला काठाची दांडी धरायला लावली. पाय सरळ ठेवा, गुडघे वाकवू नका, पुन्हा करा. थोरली निमूट ऐकत होती. नाकातोंडात पाणी गेलं तरी तिने दांडी सोडली नाही. मग दम घ्यायला थांबली तेव्हा, मागे न वळता, ती म्हणाली,

"तू विचारलं होतंस तेव्हा. तलाव होता गं. बाजाराच्या मागे, पायी दहा मिनिटांवर."

धाकटीने टोपीखालून सुटलेली बट आत कोंबली.

"माहीत आहे, जाऊबाई. मी जायचे की."

"कधी?"

"दर गुरुवारी. शिवणाच्या क्लासला जाते म्हणून सांगायचे ना, ते. आठ वर्षं."

थोरली दांडी धरूनच सावकाश वळली. आठ वर्षं शिवण शिकून जिला साधं काज करता येत नाही, तिच्याबद्दल आपण घरभर काय काय बोललो होतो! आणि गुरुवारी हिचे केस नेहमी ओले कसे, याचाही उलगडा तिला आत्ता होत होता. ती खळखळून हसायला लागली. धाकटीही हसली. दोघी इतक्या हसल्या की पाणी पोटात गेलं आणि खोकून खोकून एकमेकींचे खांदे धरायची वेळ आली.

चहाच्या वेळेला दोघे भाऊ शोधत शोधत वर आले. धाकटे, म्हणजे थोरलीचे दीर, काठाशी वाकून म्हणाले की वहिनी, चहा निवतोय, दोघी चला.

"तुम्ही घ्या, भावोजी," थोरली म्हणाली. "तुमची बायको शिवणाच्या क्लासमध्ये आहे."

दिरांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा वहिनीकडे, आणि बघता बघता त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"अहो, समुद्रात कसला आलाय शिवणाचा क्लास?" थोरल्या भावाने विचारलं.

थोरलीने दांडी घट्ट धरली, गुडघे न वाकवता पाय लांब केले आणि पाणी मारायला सुरुवात केली. त्यातलं निम्मं नवऱ्याच्या पँटवर उडालं.