उंबऱ्यावर अडकलेली ‘मार्जरी’

एनिडने शब्द दिला तो निव्वळ तोऱ्यात. फेब्रुवारीत शेजारच्या केनेथची राहती बोट कालव्यात बुडाली. केनेथ वाचला, पण दुसऱ्याच आठवड्यात एनिडचा मुलगा नील कॉव्हेंट्रीहून येऊन तिच्या बोटीच्या दाराशी उभा.

“आई, आता बास. तळमजल्यावरचा फ्लॅट बघून ठेवलाय.”

“एक दिवस माझ्याबरोबर ही बोट चालवायला चल,” बहात्तर वर्षांची एनिड म्हणाली. “माझी एक चूक दाखव. दाखवलीस तर मुकाट्याने येते.”

सव्वीस वर्षं ती ‘मार्जरी’वर राहत होती. बोट सत्तावन्न फूट लांब, आणि रुंदीला इतकी बेताची की आत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे सरायचं. नवरा तिथेच गेला. त्यानंतर दहा हिवाळे कोळशाची शेगडी तिने एकटीने पेटती ठेवली होती. तिला शहाणपण शिकवणारा हा कोण लागून गेला?

ठरल्या दिवशी सकाळी ते उतारावरच्या पहिल्या लॉकमध्ये, म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेल्या दगडी हौदात, शिरले. बोट आत घेऊन मागचे दरवाजे लावायचे आणि पुढच्या झडपा उघडायच्या, म्हणजे पाण्याबरोबर बोटही खाली उतरते. मागच्या दरवाजाशी पाण्याखाली दगडी उंबरा असतो. तो कुठवर आहे हे कळावं म्हणून भिंतीवर पांढरी रेघ मारलेली. बोट रेघेच्या मागे गेली की शेपूट उंबऱ्यावर टेकतं, तोंड खाली जातं आणि पाणी आत शिरतं. हे कालव्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, म्हणून लॉकमध्ये सुकाणू कुणी सोडत नाही.

काठावर नीलने लोखंडी किल्ली फिरवून पुढची झडप उचलली. पाणी उतरू लागलं आणि आत किटलीची शिट्टी वाजली. चहा त्याच्यासाठीच ठेवला होता. एनिड आत गेली, फक्त गॅस बंद करायला.

फळीवरचे कप सरकू लागले तेव्हा तिच्या ध्यानात आलं. ती चढ चढल्यासारखी बाहेर आली. शेपूट उंबऱ्यावर चढलं होतं आणि तोंड बुडायला टेकलं होतं.

“आई, बाहेर पड!” नीलने काठावरून हात पुढे केला.

“हात नको. झडप पाड.”

“अगं, बुडेल ती!”

“मग मीही बुडेन. झडप पाड म्हणते ना!”

त्याने झडप पाडली. पाणी थांबलं. तिने सांगितलं तशी त्याने मागची झडप हळूहळू उचलली. पाणी चढलं, बोट खरवडत उंबऱ्यावरून सुटली आणि सरळ झाली. मग दोघांनी ती पुढे घेऊन नीट खाली उतरवली.

लॉकबाहेर आल्यावर नील छपरावर बसला. “शब्द दिला होतास,” तो म्हणाला.

“दिला होता. चूकही माझीच, धडधडीत.” ती म्हणाली. “भीती मला रोज वाटते, नील. पण तुझ्या त्या फ्लॅटची जास्त वाटते. तिथे मी बुडाले तर कुणाला कळणारही नाही. शब्द मोडतेय. लाज वाटतेय, तरी मोडतेय.”

तिने आतून किटली आणली, तोंडावरची शिट्टी उपटली आणि कालव्यात भिरकावली.

“अजून सात लॉक आहेत,” ती सुकाणू धरत म्हणाली. “किल्ली घे आणि उतर खाली.”