समुद्राला बाळ दाखवायचा विधी

आमच्या बेटावर पाहण्यासारखं काय आहे, हे पाहुणे धक्क्यावर उतरता उतरताच विचारतात. चारही बाजूंना समुद्र पसरलेला असतो, पण तो त्यांच्या हिशेबी नसतो. मग त्यांना ठरलेलं उत्तर मिळतं: पांढरी वाळू, काचेच्या तळाची बोट, प्रवाळ, सूर्यास्त आणि प्राचीन संस्कृती. वाळू दर मोसमाच्या आधी बाहेरून आणून पसरतात. प्रवाळ केव्हाच मेलेलं आहे. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्याचा मला एवढाच उपयोग, की मेलेलं प्रवाळ ओळखता येतं. ती बोट माझा नवराच चालवतो. काचेखालून राखाडी दगड सरकत असतात आणि हा "डावीकडे बघा, डावीकडे" म्हणत राहतो. सगळे डावीकडे बघून अहाहा करतात. सूर्यास्त तेवढा अस्सल, पण चांगल्या खुर्चीतून बघायचा तर त्याचंही तिकीट आहे.

राहिली प्राचीन संस्कृती. ती दोन मोसमांपूर्वी रिसॉर्टच्या मीटिंगच्या खोलीत, एसी चालू असताना जन्माला आली. जन्म देणारा इव्हेंटवाला. हा माणूस फुलाफुलांचा शर्ट घालतो आणि प्रत्येक गोष्टीत 'फील' शोधतो. त्याने माझ्या सासऱ्यांना बोलावून विचारलं होतं, "काका, तुमच्याकडे मूल जन्माला आलं की काय करतात?"

सासरे पोस्टातून निवृत्त झालेले. म्हणाले, "दाखला काढतात."

दाखल्यात फील नव्हता. म्हणून मग 'समुद्राला बाळ दाखवायचा विधी' तयार झाला. सासरे उंच, आवाज खणखणीत, म्हणून ते मुखिया. इलॅस्टिकची पांढरी दाढी, डोक्यावर पिसांचा टोप. सूर्य टेकला की ढोल सुरू होतो. मुखिया कंबरभर पाण्यात जातात, फडक्यात गुंडाळलेलं बाळ दोन्ही हातांनी वर धरतात आणि ढोल थांबला की त्याला पाण्यात बुडवून काढतात. बाळ रबराचं. ढोल वाजवणारा दिवसा रिसॉर्टचे पंखे दुरुस्त करतो. पाहुणे फोन वर करून हे सगळं डोळ्यांत पाणी आणून बघतात.

पहिल्या वर्षी सासूबाई हसून हसून बेजार झाल्या होत्या. "अहो मुखिया, जरा गॅस बंद करा," म्हणायच्या. दुसऱ्या वर्षी हसणं कमी झालं. मोसम संपता संपता शेजारणीच्या नातवाला ताप आला तेव्हा मी त्यांना या कानांनी ऐकलं: "समुद्राला दाखवलं नाहीत ना, मग होणारच." मला वाटलं, चेष्टा करताहेत. चेहरा पाहिला, तर अजिबात नाही. ज्या विधीचा टोप त्यांनी स्वतः गोंदाने चिकटवला, त्यावर त्यांची श्रद्धा बसली होती.

यंदा आमच्या घरात ठमी आहे. आठ महिन्यांची, आणि कान फुटलेला. डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं होतं की कानात पाण्याचा थेंबही जाता कामा नये, पडद्याला भोक आहे, पाणी गेलं तर ऐकू येणंच जाईल. तेव्हापासून मी तिला अंघोळसुद्धा ओल्या फडक्याने घालते. रात्री ती वळली तरी मला जाग येते. घरात यावरून मला 'कान-इन्स्पेक्टर' म्हणतात. म्हणोत.

आणि नेमकं यंदाच कुणा पाहुण्याने रिसेप्शनवर तक्रार केली, की बाळ खोटं आहे, आमची फसवणूक झाली. इव्हेंटवाला दुसऱ्या सकाळीच आमच्या ओसरीवर हजर.

"वहिनी, फक्त दोन मिनिटं. बुडवायचं नाही हं. नुसतं दाखवायचं. फील यायला पाहिजे."

"तुमचं स्वतःचं मूल आहे ना? त्याला आणा."

"तो शाळेत असतो हो."

"सूर्यास्ताला?"

तो सासूबाईंकडे वळला. त्या म्हणाल्या, "एवढीशी तर गोष्ट. आजोबांच्या हातात नात. परकं कोण आहे त्यात?"

"आई, तिचा कान."

"कान, कान. आमची चार वाढली, एकाचाही कान आम्ही उघडून बघितला नाही."

"म्हणूनच भाऊजींना एका बाजूने ऐकू येत नाही."

सासूबाईंचं तोंड आंबट झालं. नवरा बूट शोधायचं निमित्त करून आत गेला. हा माणूस समुद्रावर वादळाला भीत नाही, घरात मात्र दोन बायका बोलायला लागल्या की याचा बूट हरवतो. सासरे तेवढ्यात नळावर टॉवेल पिळायला गेले होते. लांब रिसॉर्टवर पंखेवाला ढोल तापवून बघत होता. वाजवता वाजवता त्याने ढोल थांबवला, आणि मी पाहिलं: सासऱ्यांच्या हातातला टॉवेल आपोआप बादलीत बुडाला आणि वर आला. ते स्वतः माझ्याकडे बघत काहीतरी बोलत होते. हात काय करताहेत याचा त्यांना पत्ताच नव्हता.

"बाबा, आत्ता तुम्ही काय केलंत?"

"काय केलं?"

"ढोल थांबला, तुम्ही टॉवेल बुडवलात."

"पिळत होतो मी."

"पिळून झाला होता."

ते हसले. "अगं, दोन मोसम झाले, माझा हात कधी चुकलेला नाही."

"तेच म्हणतेय मी. दोन मोसम हातात रबर होतं. ते न चुकता बुडवलंत."

मग मी इव्हेंटवाल्याला सरळ सांगितलं, माझी मुलगी मिळणार नाही, दुसरं बाळ शोधा किंवा दुसरा धर्म काढा. तो गेला. सासूबाई पुढे एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या गप्प बसल्या याचंच मला समाधान वाटलं. एरवी मी कपबशीच्या आवाजावरूनही संशय घेते, आणि तेव्हा मात्र गाफील राहिले.

संध्याकाळी कानाचे थेंब संपले म्हणून मी औषधाच्या दुकानात गेले. परत आले तर पाळणा रिकामा. दुपटंही नाही. शेजारीण दारातून म्हणाली, "आजी घेऊन गेल्या की नटवून. तुला सांगितलं नाही?"

मी गाउनवरची ओढणी सावरली आणि तशीच निघाले. रिसॉर्टच्या मोठ्या दारात रखवालदार उभा. रोज माझ्याकडून पाणी मागून पितो.

"ताई, संध्याकाळी गावच्या लोकांनी मागून यायचं. साहेबांचा नियम आहे."

"माझी मुलगी आत आहे."

"असेल. पण मागून."

वाद घालण्यापेक्षा मागून पळणं जवळ होतं. धोबीघर, मग स्वयंपाकघर. तिथे 'बेटाचं पारंपरिक जेवण' डब्यांतून काढून केळीच्या पानांवर मांडत होते. मग मशालींच्या रांगेमागून किनाऱ्यावर. सूर्य टेकला होता. सगळ्या खुर्च्या भरलेल्या. सासूबाई पहिल्या रांगेच्या कडेला हात जोडून उभ्या, खरोखर हात जोडून. आणि सासरे कंबरभर पाण्यात, दाढी वाऱ्यावर एका बाजूला गेलेली, ठमी दोन्ही हातांवर वर धरलेली. ती रडत होती. इव्हेंटवाला माइकवर सांगत होता की बाळ समुद्राशी बोलतं आहे.

माझ्यापासून पाण्यापर्यंत मधे सगळ्या खुर्च्या, पाय, पर्सा आणि तिपाया. मी कितीही पळाले असते तरी ढोल त्याआधी थांबला असता. ओरडून उपयोग नव्हता, माइकपुढे माझं कोण ऐकणार? ढोल मात्र हाताच्या अंतरावर होता.

मी पंखेवाल्याचं मनगट धरलं. "थांबायचं नाही. वाजवत राहा."

"अहो पण वहिनी, आता थांबायची जागा—"

"थांबलास तर ते तिला बुडवतील. तुला माहीत आहे, बुडवतील. वाजव."

त्याने एकदा पाण्याकडे पाहिलं. त्याच्याही हातांना ती जागा पाठ होती, थांबणं त्याला जड गेलं नसतं. पण त्याने खाली मान घातली आणि वाजवत सुटला. इव्हेंटवाला गोंधळून वळला. मी खुर्च्यांमधून, लोकांच्या मांड्यांवरून, कुणाचा तरी ग्लास उलटवत गेले. तिकडे सासरे थांबले होते. ढोल चालू होता, म्हणून हात वरच होते. खांदे थरथरायला लागलेले मला लांबून दिसत होते. गाउन पाण्यात शिरताच पायाला गुंडाळला, मी एकदा गुडघ्यावर पडले. मागे टाळ्या वाजल्या. त्यांना वाटलं, हाही विधीच.

ठमीला मी छातीशी घेतलं आणि आधी कान चाचपला. कोरडा होता.

तेवढ्यात ढोल थांबला. पंखेवाल्याचे हात भरून आले असतील. माझ्यासमोर सासऱ्यांचे रिकामे हात खाली गेले, कोपरापर्यंत पाण्यात बुडाले आणि वर आले. त्यांनी त्या हातांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. दाढीतून त्यांचा चेहरा एकदम पोस्टातल्या माणसाचा झाला.

"चल," एवढंच म्हणाले.

वाळूवर लिननचा पांढरा पोशाख घातलेल्या एका पाहुणीने मला अडवलं. रागाने तिचे गाल लाल झाले होते. "हे योग्य नाही. हजारो वर्षांची परंपरा आहे. तुम्हीच आपल्या संस्कृतीचा असा अपमान केलात, तर बाकीच्यांनी काय करायचं?"

"त्यांनी घरी जावं," मी म्हटलं.

इव्हेंटवाला मागोमाग धावत आला. घामाघूम, पण डोळे चमकत होते. "वहिनी, काय फील आला. आई धावत येते, समुद्राकडून बाळ परत घेते. रोज जमेल का? बाळ रबराचं चालेल, तुम्ही मात्र खऱ्या हव्यात."

मी ठमीचं दुपटं आवळलं. उत्तर सासऱ्यांनी दिलं. त्यांनी टोप काढून त्याच्या हातात ठेवला, आणि इलॅस्टिक ताणून दाढीही. "दुसरा मुखिया बघ."

"काका, मोसम ऐन भरात आहे."

"मग तूच शिर पाण्यात. उंची कमी पडली तर स्टूल घे."

घरी मी ठमीला कोरडं केलं, तिचा कान पुन्हा पाहिला, थेंब घातले. नवरा दारात उभा होता. बूट पायात होते. "मी आईशी बोलतो," तो म्हणाला. मी म्हटलं, "उद्यापासून मी जिथे जाईन तिथे ठमी येईल. तू कुणाशी काय बोलायचं ते बोल."

सासूबाई ओसरीवर शेजारणीला सांगत होत्या. आवाज मुद्दाम मोठा होता, माझ्यासाठी. "पूर्वीपासून असंच असायचं. शेवटी आईनेच बाळ काढून आणायचं पाण्यातून. आताच्या मुलींना कोण शिकवतं? हिला आपलं आपण सुचलं, एवढं तरी बरं."

आतून सासरे म्हणाले, "अगं, पूर्वी दाखला काढायचे."

सासूबाईंनी ऐकलं नाही. मी ठमीला घेऊन खोलीत गेले आणि दाराला आतून कडी घातली.