निळ्या दाराची खोली

शिरूरच्या कॉलेजात एम.ए.च्या वर्गाला मराठी शिकवणाऱ्या मॅडमचा एक हट्ट होता. निबंध ज्याने लिहिला त्याने तो वाचायचा नाही. दुसऱ्याने वाचायचा, आणि लिहिणाऱ्याचा 'मी' तसाच ठेवून वाचायचा. मुलं आधी कुरकुरली, मग सवय झाली.

यंदाचा विषय होता स्थलांतरितांचं आणि अल्पसंख्याकांचं साहित्य. अनुपमाने स्थलांतरितांवर लिहिलं होतं, चांगलं घसघशीत. विषय तिच्या अंगणातलाच होता म्हणा ना. रांजणगावात, एमआयडीसीच्या कडेला, तिच्या वडिलांनी वावरात भाड्याच्या खोल्यांची रांग उठवली होती. वडील गावच्या राजकारणात गुंतलेले, त्यामुळे खोल्यांचा सगळा कारभार आईकडे. बिहारची, ओडिशाची, कुठकुठली पोरं तिथं राहायची. आईला धड हिंदी येत नव्हतं, पण सणाला त्यांच्या ताटात पुरणपोळी पडायचीच. अनुपमाने तेच लिहिलं होतं, की माणूस मुलूख सोडून येतो आणि इथली माती त्याला पोटाशी धरते. हे वाक्य तिला स्वतःलाच इतकं आवडलं, की तिने ते दोन ठिकाणी घातलं. विद्यापीठाच्या चर्चासत्राला वर्गातून एकच निबंध जायचा होता. तो आपलाच, याबद्दल तिला शंका नव्हती.

तिच्या वाट्याला वाचायला आला सुमित गायकवाडचा निबंध. सुमित दौंडचा. कुरकुंभची नोकरी सोडून तो रांजणगावच्या एका कंपनीत लागला होता आणि रोज दौंडहून मोटारसायकल हाणत येत होता. वर्गात बसल्या बसल्या पेंगायचा. सगळे त्याला चिडवायचे, अनुपमाही चिडवायची.

पहिल्या पानावर पुस्तकी चर्चा होती. ती तिने खणखणीत आवाजात वाचली. दुसऱ्या पानावर 'मी' आला.

"मी खोली शोधत होतो. निळ्या दारांच्या रांगेत एका दाराला कुलूप दिसलं. घरमालकीण मावशी पायरीवर लसूण सोलत होत्या. त्यांनी पाणी दिलं, नाव विचारलं. गायकवाड मराठ्यांतही असतात आणि आम्हा बौद्धांतही. त्यामुळे मावशींना पुढचा प्रश्न विचारावा लागला. कुलदैवत कोणतं तुमचं?"

अनुपमा वाचता वाचता अडखळली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला देऊन उरलेला निळा रंग वडिलांनी खोल्यांच्या दारांना फासला होता. आख्ख्या रांजणगावात तसली दारं दुसऱ्या कुणाची नव्हती. चार ओळी गाळल्या असत्या तर वर्गात कुणाला पत्ताही लागला नसता, लिहिणारा सोडून. ती वाचत राहिली.

"मी सांगितलं, कुलदैवत नाही, घरात बुद्धाची तसबीर आहे. मावशी म्हणाल्या, खोली सकाळीच गेली रे बाळा. शेजारच्या खोलीत बिहारच्या मुलांचा कुकर शिट्ट्या देत होता. त्यांना कुलदैवत कुणी विचारलं नव्हतं. लांबून आलेल्याचं आडनाव इथं कुणाला उलगडत नाही, म्हणून त्याला खोली मिळते. माझं उलगडतं."

वाचून झालं आणि ती खाली बसली. ती खोली दिवाळीपासून रिकामी होती. तिथं लोणच्याच्या बरण्या तिनेच नेऊन ठेवल्या होत्या.

घरी आल्या आल्या तिने आईला सरळ विचारलं. आईने नाकारलं नाही. पोरगा गुणाचा दिसत होता, हेही तिनेच सांगितलं.

"पर तो हितलाच," आई म्हणाली. "बिहारी आज हाय, उद्या न्हाई. त्यांचं भावकी इचारीत न्हाई. ह्याचं इचारल."

विचारलं तर सांगायचं, असं अनुपमा म्हणाली. सांगायला तुझं काय जातंय, असं म्हणत आईने लसणाची टोपली ओढली, आणि घरातलं चव्हाट्यावर मांडू नकोस म्हणून बजावलं.

अनुपमाला आईचा राग आला, पण त्याहून जास्त लाज वाटली ती त्या मातीच्या वाक्याची. तिने निबंध फाडला आणि पुन्हा लिहायला बसली. नवा निबंध बघून मॅडमनी सावध केलं की हा पुढं गेला तर तुझ्या घराचं नावही जाईल. जाऊ दे, ती म्हणाली. मग तिने तो सुमितकडे दिला. आधी घरी वाच, नको वाटलं तर परत कर, एवढंच सांगितलं.

सुमितने तो परत केला नाही. वर्गात उभा राहून त्याने तो वाचला, नेमाप्रमाणे 'मी' तसाच ठेवून.

"खोली रिकामीच होती. माझी आई खोटं बोलली. आणि त्याच घराच्या ओसरीवर बसून मी इथल्या मातीचं कौतुक लिहिलं."

सुमितने कागदांची घडी घातली.

"शेवट न्हाई ह्याला," तो म्हणाला. "खोली अजून रिकामीच हाय ना?"

अनुपमाने मान डोलावली आणि घरी ये, आपण आईला विचारू, असं सुचवलं.

"मी एकदा विचारलंय. आता तुम्ही मला विचारा."

त्या संध्याकाळी अनुपमाने बरण्या बाहेर काढल्या, खोली झाडली आणि आपली गादी, पुस्तकं तिथं नेऊन टाकली. खोली त्याला मिळेपर्यंत मी इथंच, असं आईला सांगितलं. दोन दिवसांत येशील गुमान, असा आईचा अंदाज. पण पोरगी आईवरच गेली होती. आठवडा उलटला. आई गिरणीत दळण घेऊन गेली की बाया विचारू लागल्या, लेकीला घराबाहेर काढलं का गं? वडिलांनी निवडणूक झाल्यावर बघू म्हणून हात झटकले. भावकीच्या ज्या तोंडाला आई भीत होती, ते तोंड खोली न देताच सुटलं.

शेवटी आई निळ्या दाराशी आली आणि उंबऱ्यावर बसली. "लाव त्याला," म्हणाली. अनुपमाने फोन लावून स्पीकर चालू केला. पलीकडे मशीनचा खडखडाट होता.

"मी निळ्या दारावाली," आई म्हणाली. "खोली हाय. तवा बी व्हती, मी खोटं बोलले. यायचं का न्हाई ते तुमी ठरवा."

खडखडाट जरा लांब गेला, तो मशीनपासून बाजूला आला होता.

"मावशी, आधी एक विचारू?" सुमित म्हणाला. "कुलदैवत कोणतं तुमचं?"

आईने लेकीकडे पाहिलं. अनुपमाने फोन तिच्यापुढे धरला. या प्रश्नाचं उत्तर द्यायची वेळ आईवर जन्मात पहिल्यांदा आली होती, आणि ते चुकलं तर काय, ही भीती तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

"जेजुरीचा खंडोबा," ती हळूच म्हणाली. मग उंबऱ्यावरून उठली, पदर सारखा केला, आणि खोली विचारायला आलेली माणसं उभी राहतात तशी दाराबाहेर उभी राहून तो काय म्हणतो त्याची वाट बघू लागली.