सपनाची कढी आणि माझी कल्हई

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी जुना आहे आणि मला त्याची काडीचीही लाज वाटत नाही. मी पितळेचा गंज आहे. गंज म्हणजे लोखंडावर चढतो तो नव्हे हो! आमच्या वाशीमकडे पातेल्याला गंज म्हणतात. माझं बूड काळं आहे, काठाला एक पोचा आहे, पण आवाज अजून खणखणीत आहे. वाजवून बघा हवं तर.

एका तांबटाने मला हातोडीने ठोकून ठोकून घडवलं. मग आतून कल्हई केली, म्हणजे कथिलाचा पातळ पांढरा थर दिला. तो थर असला की पितळेच्या भांड्यात काहीही शिजवा, खुशाल शिजवा. तो उडाला की मात्र आंबट पदार्थ पितळेला लागतो आणि कळकतो. हिरवट दिसतो, तोंडात धरवत नाही आणि पोटात गेला तर माणूस आडवा होतो. एवढं ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

वैजयंती नावाच्या मुलीच्या लग्नात तिच्या मामाने मला विकत घेतलं आणि काठावर तिचं नाव कोरून घेतलं. तिच्याबरोबर मी रिठदला आलो. तिचा नवरा जानराव शेती करायचा. सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, माणसं आली की माझ्यात वरण शिजायचं आणि शेतातल्या बायका म्हणायच्या, ‘वैजयंतीच्या गंजातल्या वरणाची गोष्टच न्यारी!’ वरणाचं कौतुक झालं की मी आपलंच झालं असं समजायचो. दरवर्षी कल्हईवाला यायचा. पुढे तो यायचा बंद झाला. घरात कुकर आला, स्टील आलं आणि मी फळीवर गेलो.

तिथून मी नको ते पाहिलं. जानराव आणि वैजयंतीचं बिनसलं. रोज उठून भांडण, आणि एका सकाळी वैजयंती पिशवी घेऊन माहेरी निघून गेली. मला नेलं नाही. त्याचं मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं. त्यांची मुलगी निकिता अकरावीला वाशीमला खोली करून राहणार होती. जानरावने तिच्यासाठी नवीन कुकर आणला होता. तो तिने घेतलाच, पण निघताना फळीवर चढून मलाही खाली काढलं.

“हे कायले जुनं ओझं नेतं?” जानराव म्हणाला.

“आईचं नाव हाय याच्यावर,” निकिता म्हणाली. आणि तिने मला पोत्यात घातलं.

अशी माझी वाशीममधली दुसरी नोकरी सुरू झाली. सोजरमावशीच्या घरामागची एक खोली, एक गॅसची शेगडी आणि तीन पोरी. निकिता तुम्हाला माहीत आहे. दुसरी सुकेशनी, कारंज्याकडची. जीभ तिखट आणि स्वयंपाकात शून्य. तिची पहिली भाकर सोजरमावशीच्या गाईनेही हुंगून सोडली. तिसरी सपना, मानोऱ्याजवळच्या तांड्यावरची. तिचे आईबाप, हिरीबाई आणि रामधन, दिवाळी झाली की ऊस तोडायला कारखान्यावर जायचे ते सहा महिन्यांनी परतायचे. त्यामुळे सपनाला लहानपणापासून चूल येते. आणि बाप्पा, काय हात आहे पोरीचा! नुसत्या पाण्याला फोडणी दिली तरी दोन घास जास्त जातील.

तिने या दोघींना शिकवलं. भाकर थापताना बोटं कशी फिरवायची, वांगं कुठवर भाजायचं, मोहरी तडतडल्याशिवाय जिऱ्याला हात का लावायचा नाही. तिघी माझ्याभोवती बसून भाजी निवडायच्या आणि जे कुठेच बोलता येत नाही ते बोलायच्या. दिवाळीला आईकडे जायचं की बाबांकडे, हे निकिताने इथेच विचारलं आणि तिथेच रडली. कॉलेजातला राजपाल आपल्याला आवडतो, हे सपनाने मेथी निवडताना सांगितलं. लाजेने तिने पानं फेकली आणि देठं माझ्यात टाकली. “अवं प्रेमवेडे, आमी काय बकऱ्या हाओ का देठं खायले?” असं सुकेशनी ओरडली आणि तिघी पोट धरून हसल्या. मला तर वाटायचं, या खोलीतून कोणी मला कधीच हलवू नये.

पण माझी कल्हई केव्हाच उडाली होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं. एकदा त्यांनी माझ्यात चिंच घालून वरण केलं आणि उरलेलं तसंच ठेवलं. सकाळी ते हिरवट पडलं. सोजरमावशीने पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“अवं पोरीओ, डोये फुटले का तुमचे? कल्हई उडेल हाय याची! अशा पितळेत आंबट शिजवता? कळकलं ना सारं! खाल्लं असतं तं दवाखान्यात नेलं असतं तुमाले.”

त्या दिवसापासून मी शेगडीवरून उतरलो आणि कांदे ठेवायच्या कामाला लागलो. कांदे! ज्याच्या वरणाला शेतभर नाव होतं, त्याच्यात कांदे! मी फार चिडलो होतो, पण सांगणार कोणाला?

दसरा झाला आणि सपनाच्या बापाचा फोन आला. अमरसिंग नावाचे पाहुणे वाशीमच्या कोर्टात कामासाठी येणार होते. त्यांच्या मुलासाठी ते सपनाला बघायला खोलीवरच येणार होते. पसंत पडली तर साखरपुडा लगेच, लग्न उन्हाळ्यात. फोन ठेवल्यावर सपना भिंतीला टेकून बसली.

“मले शिकायचं हाय वं. नर्स व्हायचं हाय,” ती म्हणाली. “पन बापूसमोर माह्यं तोंडच नाई उघडत.”

सुकेशनीने इकडेतिकडे पाहिलं आणि तिची नजर माझ्यावर येऊन थांबली.

“मी काय म्हंते, याच गंजात कढी करू. सकायीच करून ठेवू. पाहुना एक घोट घेईन न म्हनंन, अशी सून नोको रे बाप्पा!”

“माह्या आईच्या गंजात?” निकिता म्हणाली.

“मंग काय झालं? पाहुना काठावरचं नाव वाचत बसनार हाय का?”

सपनाने डोळे पुसले. मग म्हणाली, “करू. नाई म्हनायची हिंमत माह्यात नाई. कढीच म्हनंन नाई.”

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्याच वेळी बोंब मारली असती. अरे, मी माणसांना जेवू घालायला जन्मलो! वैजयंतीचं नाव अंगावर घेऊन कोणाला आजारी पाडू? पण पोरीची घालमेलही मला दिसत होती. रागवावं तरी कोणावर?

ठरल्या दिवशी सकाळीच सपनाने माझ्यातले कांदे काढले, ताक ओतलं, बेसन लावलं, फोडणी दिली आणि झाकण घातलं. दुपारपर्यंत ताकाने आपलं काम केलं. वरून वास कढीपत्त्याचा येत होता आणि आत सगळं कळकलं होतं.

पाहुणे आले. अमरसिंग ऐसपैस मांडी घालून बसला. त्याच्या शेजारी रामधन, उन्हाने रापलेला, मानोऱ्याहून उभ्यानेच गाडीत आलेला. सपनाने डोक्यावर ओढणी घेऊन भाकर वाढली, वांग्याची भाजी वाढली. मग माझ्यावरचं झाकण काढलं आणि रामधनचा चेहरा खुलला.

“अमरसिंगभाऊ, आमच्या सपनाच्या हातची कढी पेऊन पाहा! कारखान्यावर सहा महिने मले तिचीच सय येते. सकायपासून पोटात काई नाई, मुद्दाम भूक राखून आलो. वाढ माय, पह्यले मलेच वाढ. पाहुन्याले मी सांगतो चव.”

हे कोणी धरलंच नव्हतं. सपनाने पळी कढीत बुडवली. तिने वाटी भरली. रामधनने वाटी उचलली, फुंकर घातली, ओठांपाशी नेली.

“नोका पिऊ, बापू!”

सपनाने वाटी हिसकून घेतली. तेवढ्यावर ती थांबली नाही. मला दोन्ही हातांनी उचललं आणि सगळी कढी मोरीत ओतून दिली. मी दगडावर आपटलो, ठण्ण आवाज झाला.

“काहून वं?” रामधनने विचारलं.

“कयकेल हाय ते. म्या जानूनबुजून केली.” सपना रडत होती, पण थांबत नव्हती. “मले आत्ता लगन नाई करायचं. तोंडानं सांगता येत नव्हतं म्हून कढी बिघडवली. पन तुमी उपाशी आले न... माह्यानं नाई पाहवलं.”

रामधनचा आवाज बारीक झाला. “कोनी पोरगा हाय का?”

निकिता आणि सुकेशनीने एकमेकींचे हात घट्ट धरले. आता पोरगी खोटं बोलणार, असं मलाही वाटलं.

“हाय. राजपाल नाव हाय त्याचं. मले आवडते,” सपना म्हणाली. “पन मी त्याच्यासाठी नाई म्हनत नाई. त्याच्यासंगबी मले आत्ता लगन नाई करायचं. मले नर्स व्हायचं हाय, बापू.”

शाब्बास पोरी! मी मोरीत उपडा पडलो होतो, अंगावर हिरवट कढी होती, पण मला तिचा इतका अभिमान वाटला की काय सांगू!

आधी अमरसिंग हसला. “रामधन, पोरीनं वाचवलं गड्या आपल्याले. नाई तं दवाखान्यातच झाली असती सोयरीक!” हात धुता धुता तो पुढे म्हणाला, “पन इतकी खरं बोलनारी सून माह्या घरात कोनाले झेपनार नाई. शिकव तिले.” आणि चपला घालून तो कोर्टाकडे गेला.

रामधन तसाच बसून होता. “आमी तिकडं, तू इथं एकटी. झोप नाई लागत मले,” तो म्हणाला. “म्हून घाई करून राह्यलो होतो.”

“एकटी कुठं हाय काका?” सुकेशनी म्हणाली. “आमी दोघी मेलो काय?”

रामधन उठला, मोरीपाशी आला. मला उचलून त्याने आतून बोट फिरवलं. “कोनाचं हाय हे?”

“माह्या आईचं,” निकिता म्हणाली.

त्याने मला आपल्या गमछ्यात गुंडाळलं आणि तो तडक निघून गेला. मागे सपना हुंदके देत होती, ते मला रस्त्यापर्यंत ऐकू आलं.

तो मला बाजारात घेऊन गेला. एका बोळात म्हातारा कल्हईवाला अजून भाता धरून बसतो. विस्तवावर मी तापलो, नवसागराचा धूर निघाला, कथिलाचा तुकडा माझ्या पोटात वितळला आणि म्हाताऱ्याने कापसाच्या बोळ्याने तो सगळीकडे फिरवला. वाटलं, वैजयंतीच्या मांडवातच उभा आहे मी.

रामधनने खोलीवर येऊन मला शेगडीवर ठेवलं. “आता कर कढी. गाडीले वेय हाय अजून.”

सपना ताक घुसळायला बसली. निकिताने फोन लावला. “आई, तुह्या गंजाले कल्हई केली.” पलीकडून वैजयंतीचा आवाज आला, “हाय का वं तो अजून? दिवाईले येशीन तं घेऊन ये. त्याच्यात वरन करू.”

रामधन दोन वाट्या कढी प्यायला. तिसरी पुढे करत त्याने विचारलं, “नर्सिंगले किती वर्स लागतात?” सपना वाढायचंच विसरली.

तर मित्रांनो, घरातली जुनी पितळी भांडी खाली काढा. आतून बोट फिरवून पाहा, कल्हई उडाली असेल तर करून घ्या. आणि घरातली पोरगी मान खाली घालून गपचूप वाढत असेल, तर पहिला घोट घेण्याआधी तिला विचारा, तुझ्या मनात काय आहे बाई?